साल्हेरची उंची लिहायची कुठे?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं आणि आमच्या एका जुन्या क्लायंटचा, एका ट्रेकिंग ग्रुपच्या काकांचा, फोन आला. "हे बाराही किल्ले साइटवर एकत्र दिसले पाहिजेत. एक कॅटेगरी काढून दे, पाच मिनिटांचं काम आहे."

साइट वर्डप्रेसची, म्हणजे वेबसाइट चालवायच्या तयार सॉफ्टवेअरवरची. अ‍ॅडमिनमध्ये गेलो तर कॅटेगरींची यादी संपता संपेना. राजगड, नाशिक जिल्हा, जलदुर्ग, अवघड, पावसाळी भटकंती, सगळं एकाच रांगेत. साल्हेर उघडला. खाली ट्रेकचे वर्षानुवर्षांचे वृत्तांत. एकात उंची फुटांत, दुसऱ्यात मीटरमध्ये, आणि दोन्हींचा मेळ बसत नव्हता. खरा आकडा १५६७ मीटर. महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच किल्ल्याची उंची नोंदवायला साइटवर हक्काची एक जागा नसावी, हे मला फार लागलं.

दुपारी काका ऑफिसात आले, तेव्हा हीच यादी त्यांच्यासमोर ठेवली. म्हटलं, "काका, कॅटेगरी म्हणजे लेखाला लावलेली चिठ्ठी. तिच्यावर नाव मावतं, फार तर दोन ओळी. किल्ल्याला उंची आहे, तालुका आहे, पाण्याची टाकी आहेत. त्याला स्वतःचं पान हवं."

म्हणून 'किल्ला' हा कस्टम पोस्ट टाइप, म्हणजे साध्या लेखांहून वेगळा असा नोंदींचा स्वतंत्र प्रकार, केला. उंचीसाठी कस्टम फील्ड, म्हणजे माहिती भरायचा ठरावीक रकाना; जिल्हा, प्रकार आणि वारसा या टॅक्सॉनॉमी, म्हणजे वर्गवाऱ्या. बारांपैकी जिंजी तमिळनाडूत, त्यामुळे जिल्ह्यांच्या वर राज्याची पातळी ठेवावी लागली.

काकांना ते इतकं पटलं की वृत्तांत, बातम्या, ट्रेकवरचा स्वयंपाक, प्रत्येकाला वेगळा टाइप हवा म्हणाले. तिथे मी अडून बसलो. वृत्तांताला तारीख असते, नवा आला की तो वर यायला हवा. त्याला साधी पोस्ट आणि एक कॅटेगरी पुरते. शिवाय कस्टम टाइपमधलं लेखन ब्लॉगच्या मुख्य पानावर आणि फीडमध्ये (वाचकांपर्यंत नवे लेख पोचवणाऱ्या यादीत) आपोआप येत नाही. नियमित वाचकांना नवा वृत्तांत दिसलाच नाही तर काय उपयोग?

टाइपचा कोड थीममध्ये, म्हणजे साइटच्या दिसण्याच्या साच्यात, न टाकता छोट्या प्लगइनमध्ये, म्हणजे वेगळ्या जोड-प्रोग्राममध्ये, ठेवला. कोड थीममध्ये असला तर थीम बदलली की नोंदी डेटाबेसमध्ये राहतात, पण अ‍ॅडमिनमधून गायब होतात आणि लोक घाबरतात. जुन्या कॅटेगरींच्या पत्त्यांवरून नव्या पानांकडे ३०१ रिडायरेक्ट (कायमची वळणं) लावले, नवे पत्ते चालावेत म्हणून पर्मालिंक, म्हणजे पानांच्या पत्त्यांची सेटिंग, पुन्हा सेव्ह केल्या. प्रत्येक वृत्तांत त्याच्या किल्ल्याला जोडायचं काम मात्र हातानेच करावं लागणार होतं. ते ग्रुपच्या मुलांनी वाटून घेतलं.

साल्हेरची नोंद काकांनी स्वतः भरली. लगेच शेजारचा मुल्हेर घेतला आणि विचारलं, "याला वारशाची टिक नाही ना करायची?"

"नाही काका. जिल्हा नाशिक, प्रकार गिरिदुर्ग, एवढंच."