दिवे घाटाच्या दिवशी पाठीवर काय घ्यायचं

माउलींची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून सासवडला निघते, तो वारीतला सगळ्यात लांब पल्ल्यांपैकी एक. साधारण ३० किलोमीटरची चाल, आणि त्यातच दिवे घाटाची चढण. चित्रीकरण करणाऱ्याच्या दृष्टीने या दिवसाची पहिली अट म्हणजे गाडी सोबत नसते. घाट वाहनांसाठी बंद असतो, म्हणून सामानाची गाडी बोपदेव घाटाने आधीच सासवडला पाठवावी लागते. हडपसर सोडल्यापासून रात्री पालखीतळावर पोचेपर्यंत पाठीवर जे असेल तेवढंच आपलं.

वारीवरच्या एका माहितीपटासाठी हा टप्पा आम्ही दोघांनी केला. कॅमेरा माझ्याकडे, आवाज सहकाऱ्याकडे. प्रवासात व्हिडिओसाठी कुठली लेन्स घ्यावी असं कुणी विचारलं की मला हाच दिवस आठवतो, कारण इथे सामानाची निवड पावसावर, गर्दीवर आणि पायांवर घासून निघते. गर्दीत लेन्स बदलता येत नाही. बाजूला व्हायला जागा नसते, पावसात बॉडी उघडी करायची सोय नसते, आणि बदलेपर्यंत दिंडी पुढे गेलेली असते. लेन्स बदलायचीच नाही असं धरून निवड करायची. बाकीचे सगळे निर्णय त्यातून निघतात.

बॉडी सोनीची ए७ फोर, बॅटरी आणि कार्डासकट ६५८ ग्रॅम. तिच्यावर २४-१०५ एमएमची एफ/४ झूम लेन्स, वजन ६६३ ग्रॅम. बॅगेत २० एमएम एफ/१.८, ती ३७३ ग्रॅमची. म्हणजे बॉडी आणि काच मिळून पावणेदोन किलोच्या आत. तीन जादा बॅटऱ्या, मोनोपॉड, १०,००० एमएएचची पॉवर बँक, फिल्टरचं पाकीट, पावसाचं कव्हर आणि लिटरभर पाणी धरून बॅग चार किलोपर्यंत जाते. घाटात याच्या वर गेलात की चढावर दम लागतो, आणि दम लागलेल्या माणसाचा शॉट हलतो. श्वासाची ही हालचाल स्टॅबिलायझेशन पूर्ण पुसत नाही.

७०-२०० न घेण्यावर आमच्यात बराच खल झाला. घाटाच्या वरच्या वळणावरून खालचा रस्ता, त्यावर माणसांची एकावर एक चढलेली रांग आणि भगव्या पताका, हे चित्र लांब लेन्सचं आहे यात वाद नाही. पण हलक्यातली हलकी एफ/४ घेतली तरी पाऊण किलोच्या वर वजन, आणि ती लावायची तर मधली लेन्स काढायची. त्याऐवजी बॉडीतला सुपर ३५ क्रॉप वापरला, म्हणजे सेन्सरचा फक्त मधला भाग. दीडपट क्रॉपमध्ये १०५ ची जवळपास १५८ होते. हा सेन्सर ३३ मेगापिक्सेलचा असल्यामुळे क्रॉप केल्यावरही रुंदीत साडेचार हजारांच्या वर पिक्सेल उरतात. फोर-केला ३८४० लागतात, तेव्हा चित्राची धार जात नाही. नॉइज थोडा वाढतो, पण दिवसाउजेडी तो दिसत नाही. क्रॉपचं बटण हाताखाली ठेवलं की एका लेन्सच्या दोन लेन्स होतात. दुसरा फायदा पताकांचा. पूर्ण सेन्सरवर वेगाने पॅन केलं की पताकांच्या उभ्या काठ्या तिरक्या पडतात, कारण सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. क्रॉपमध्ये वाचायच्या ओळी कमी, म्हणून तिरपेपणाही कमी. एक लक्षात ठेवावं लागतं: या बॉडीत ५० फ्रेमचं फोर-के मुळातच क्रॉपमध्ये चालतं, तेव्हा स्लो मोशनला २४ ची ३६ झालेली असते.

याहून हलका पर्याय २८-२०० चा. टॅमरॉनची ५७५ ग्रॅमची लेन्स आहे, आणि भटकंतीत फोटो काढणाऱ्यांना मी ती खुशाल सुचवतो. पण झूम करताना तिचं अपर्चर २.८ पासून ५.६ पर्यंत सरकतं, म्हणजे दोन स्टॉप उजेड जातो (एका स्टॉपला उजेड निम्मा होतो). फोटोत शटर बदलून भागतं. व्हिडिओत शटर, आयएसओ आणि एनडी (उजेड कापणारा करडा फिल्टर) तिन्ही बांधलेले असताना चालू शॉटमध्ये चित्र काळवंडतं. शिवाय दिंडीच्या आत उभं राहिल्यावर २८ रुंद पडत नाही. उलट टोकाला २४-७० एफ/२.८. तिच्या २.८ चा दिवसभर काही उपयोग नाही, आणि ७० ला ती संपते.

वडकीचा विसावा झाला, पालखी घाटाला लागली आणि आभाळ भरून आलं. इथे एनडीचा हिशेब सांगतो, कारण प्रवासात व्हिडिओ करणाऱ्यांचं फुटेज सगळ्यात जास्त इथेच बिघडतं. २५ फ्रेमला शटर १/५०. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून रात्रीच्या दिव्यांतही हाच आकडा चालतो. ३० फ्रेम आणि १/६० ठेवलं की ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं. एस-लॉग ३ ला (नंतर रंग सुधारण्यासाठी फिकं चित्र नोंदवणारी सोनीची पद्धत) या बॉडीचा बेस आयएसओ ८००. स्वच्छ उन्हात एफ/१६ ला आयएसओएवढं शटर लागतं, म्हणजे १/८००. तिथून १/५० ला आलो की चार स्टॉप जास्त, एफ/१६ वरून एफ/४ ला आलो की आणखी चार. एकूण आठ स्टॉप कापायचे. ढगाळ हवेत उजेड तीनेक स्टॉपने कमी असतो, तेव्हा पाच पुरतात. बाजारातला नेहमीचा फिरता एनडी दोन ते पाच स्टॉपचा असतो. म्हणजे पावसाळी दिवसाला तो बेताचा पुरतो, आणि ऊन पडलं की कमी पडतो.

घाटात रथ चढवायला नेहमीच्या जोडीपुढे जादा बैलजोड्या जुंपतात. त्या जोड्या वळणावर आल्या, आणि नेमकं तेव्हाच ढग फाटून लख्ख ऊन पडलं. रथाला चांदीचा पत्रा, पुढे पांढरीशुभ्र धोतरं आणि टोप्या. झेब्रा (जास्त उजेडाच्या जागी पडद्यावर पट्टे दाखवणारी सोय) ९४ वर लावलेला होता, कारण एस-लॉग ३ साधारण तिथेच जळतं, आणि क्षणात अर्ध्या फ्रेमवर पट्टे आले. फिरता एनडी पाचवर आधीच टेकलेला. फिल्टरला खुणेपाशी अडकण नसेल तर माणूस घाईत आणखी फिरवतो, आणि आभाळावर काळी फुली उमटते. रुंद लेन्सवर ती लवकर येते आणि नंतर रंगसुधारणेत निघत नाही. शटर वाढवणं हा दुसरा मार्ग. पण १/४०० ला बैलांचे पाय आणि टाळकऱ्यांचे हात तुटक-तुटक उडताना दिसतात, आणि आधीच्या शॉटला जोडले की खटकतात. आमच्याकडे चुंबकी फ्रेमचा एनडी ८ वरच्या खिशात होता. तो पुढे चिकटवला की तीन स्टॉप मिळतात, पाच आणि तीन आठ. बसवायला दोन सेकंद पुरतात. दोन फिल्टर एकावर एक आले की २४ ला कोपरे काळे पडतात, म्हणून २८ च्या आसपास सरकून रथ वळणावरून पुढे निघेपर्यंत एक सलग शॉट घेतला. आठव्या स्टॉपपर्यंतचा हिशेब आधी केलेला असला की असा शॉट हाती लागतो.

फिल्टर मी ८२ एमएमचे एकच ठेवतो. २० एमएमचे फिल्टरचे आटे ६७ चे आणि २४-१०५ चे ७७ चे, दोन्हींवर मोठा फिल्टर बसवायची स्टेप-अप रिंग कायम बसवलेली. याची किंमत मोजावी लागते: रिंग बसली की लेन्सचा हुड बसत नाही, आणि पावसात हुडाइतकी उपयोगी वस्तू नाही.

पाऊस आलाच. फिरत्या एनडीत दोन काचा असतात आणि त्यांच्या फटीत गेलेलं पाणी पुसता येत नाही. थेंब पडायला लागले की तो काढून पाकिटात टाकायचा आणि साधा एनडी लावायचा. एक काच पुसणं सोपं असतं. पुसायला दोन कापडं. शॅमॉयने पाणी टिपायचं, मग मायक्रोफायबरने काच साफ करायची. उलट केलं तर मायक्रोफायबर भिजतं आणि मग काचेवर नुसते फराटे उठतात. हा दिवस सहसा एकादशीचा, वाटेत जागोजागी खिचडी आणि केळी हातावर ठेवतात. तेलकट बोट फिल्टरला लागलं की पावसात ते कोरड्या कापडाने निघत नाही, पसरतं. खाऊन झालं की हात धुवून मगच काचेला हात लावायचा. बॉडीवर पाणी शिरायची जागा म्हणजे हॉटशू, फ्लॅश बसवायची वरची खाच. तिथे झाकण किंवा चिकटपट्टी लावलेली बरी.

लेन्स दिवसातून एकदाच बदलली, उजेड उतरू लागल्यावर. वारकरी पावसात डोक्यावरून घेतात तो प्लास्टिकचा कागद आमच्याकडेही होता. सहकाऱ्याने तो दोन्ही हातांनी वर धरला, मी त्याखाली बॉडीचं तोंड जमिनीकडे करून २४-१०५ काढली आणि २० लावली. नवी लेन्स मागचं झाकण सैल करून आधीच हातात हवी, म्हणजे सेन्सर चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त उघडा राहत नाही.

२० एमएम दिंडीच्या आतल्या चित्रांसाठी. इथे ऑटोफोकस बंद. समोर पाच-पन्नास चेहरे असताना कॅमेरा एकावरून दुसऱ्यावर उड्या मारतो, आणि मध्येच पताका आडवी गेली की तिच्यावर जातो. उजेड असेपर्यंत एफ/८ ला फोकस २ मीटरवर बांधून टाकायचा. मीटरभरापासून पार क्षितिजापर्यंत सगळं धारेत येतं, आणि टाळकरी पावली खेळत अंगावर आले तरी हात लेन्सला लावावा लागत नाही. व्हाइट बॅलन्सही बांधलेला, ढगाळ हवेत ६००० केल्व्हिन. ऑटोवर ठेवला तर फ्रेममध्ये भगवं जास्त आलं की कॅमेरा निळ्याकडे ढळतो आणि माणसांचे चेहरे आजारी दिसतात.

गिंबल मुद्दाम नेला नाही. त्याला कोपर पसरायला जागा लागते, झूम केलं की तोल बिघडतो, पावसात मोटरची काळजी. मोनोपॉड पुरतो, आणि गर्दीत तो घट्ट मिटवून धरायचा. अंगावर काही लोंबतं ठेवायचं नाही हे तर अगदी कटाक्षाने. वडकीच्या पुढे मागून एका मावशींचा आवाज आला, “माउली, पट्टा आवरा, तुळशीला लागतोय.” सहकाऱ्याच्या रेकॉर्डरचा पट्टा त्यांच्या डोक्यावरच्या वृंदावनाजवळ आला होता. पट्टा तिथल्या तिथे काढून बॅगेत गेला. मनगटाचा छोटा पट्टा पुरेसा असतो. आपल्या यंत्रामुळे कुणाच्या चालीत खंड पडता कामा नये; वारी आपल्या चित्रीकरणासाठी चाललेली नसते.

आवाजाबद्दल थोडंच सांगतो, तो सहकाऱ्याचा प्रांत. टाळाचा ठोका काटा हलायच्या आत फुटतो. ऑटो गेन (लेव्हल आपोआप वर-खाली करणारी सोय) असेल तर प्रत्येक ठोक्याला आवाज दबतो आणि अभंग खालीवर झोके खातो. ३२-बिट फ्लोटचा, म्हणजे हळू आणि मोठा आवाज दोन्ही न फाटता नोंदवणारा रेकॉर्डर लेव्हलच्या आकड्यांची काळजी मिटवतो. पण माइकची कॅप्सूलच दाबाने फाटत असेल तर फ्लोट तरी काय करणार? टाळांपासून अंतर ठेवायचं, आणि माइकला केसाळ कव्हर हवंच, घाटमाथ्यावर वारा असतो. विणेकऱ्यांना लावलेल्या वायरलेसचा ट्रान्समीटर स्वतःमध्येही रेकॉर्ड करणारा हवा. इतक्या माणसांच्या आणि मोबाइलच्या मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल तुटतोच.

सासवडच्या तळावर समाज आरतीच्या आधी चोपदार चोप उंचावतात आणि टाळ-मृदंग एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असते ती टाळ वाजवत राहते, मग चोपदार तिच्याकडे जातात. एवढ्या मोठ्या मैदानात एकच टाळ कुठून येतोय हे टिपायचं तर लेव्हल हाताने बांधलेली लागते आणि रेकॉर्डिंग आधीपासून चालू लागतं. ऑटो गेन तेवढ्यात शांतता वर खेचून नुसती घरघर भरून ठेवतो. चित्राला इथे एफ/१.८ ची गरज पडली. तळावरच्या दिव्यांत एफ/४ ला जो आयएसओ लागला असता त्याच्या साधारण पाचव्या हिश्श्यात काम झालं. शटर पुन्हा १/५०. काही स्वस्त एलईडी तरीही लुकलुकतात, तेव्हा १/१०० करून बघायचं, नाहीतर तो दिवा फ्रेमबाहेर ठेवायचा.

कार्डांवर लोक नको तितका खर्च करतात. टेन-बिट फोर-के २५ फ्रेमला इथे १४० मेगाबिट, म्हणजे सेकंदाला साडेसतरा मेगाबाइट. व्ही३० कार्ड सेकंदाला ३० मेगाबाइटची हमी देतं. तासाला ६३ जीबी. दिवसात दोन-अडीच तासांचं फुटेज धरलं तर २५६ जीबीचं कार्ड बदलावं लागत नाही. दोन खाचांत दोन कार्डं, दोन्हींवर एकच रेकॉर्डिंग. रात्री एसएसडीवर तिसरी प्रत, आणि एक कार्ड खिशात वेगळं. ओली बॉडी लगेच बंद बॅगेत ठेवायची नाही. पुसून, बॅटरीचं दार उघडं ठेवून पंख्याखाली. लेन्स मग सिलिका जेलच्या डब्यात, नाहीतर या हवेत काचेच्या आत बुरशी धरते.

सासवडचा मुक्काम मोठा असतो, तेवढ्या वेळात जेजुरीची बॅग वेगळी भरावी लागते. तिथे पालखीवर भंडारा उधळतात. हळदीची ती पूड झूमच्या नळीत जाते, कारण झूम लांब-आखूड होताना हवा आत ओढतो. म्हणून २४-१०५ गाडीत, आणि बॉडीवर नळी न हलणाऱ्या प्राइम: २० आणि सोबत ३५ एफ/१.८, ती जेमतेम २८० ग्रॅम. पुढे साधा पारदर्शक फिल्टर, माउंटच्या सांध्याला कागदी चिकटपट्टी. भंडारा बसला की ओलं कापड अजिबात लावायचं नाही, रबरात पिवळा लगदा बसतो. आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, आणि कॅमेरा तोंड खाली करून.