भोगीचे राळे

पक्ष्याच्या पिल्लाची पेज ४० अंशांच्या खाली उतरली की बेदाणा तोंड फिरवायचा आणि ४३च्या वर गेली तर त्याची गळ्याखालची पिशवी आतून भाजायची धास्ती. म्हणजे मला मोकळीक काय ती दोन-तीन अंशांची. चहा हमखास उतू घालवणारा माणूस मी, पण या हिवाळ्यात दर चार तासांनी ओट्याशी उभा राहून वाटीत थर्मामीटर बुडवून आकडे बघत होतो. पहिल्या दिवशी बायकोनं सवयीनं मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकला आणि म्हणाली, "कोमट आहे की, द्या." दोन्ही मुलांच्या दुधाच्या बाटल्या तिनं अशाच तपासल्या होत्या. पण आपल्याला जे कोमट, ते पिल्लाला गारच. पक्ष्याच्या अंगची ऊबच आपल्यापेक्षा तीन-चार अंशांनी जास्त.

बेदाणा म्हणजे कॉकाटीलचं पिल्लू. मिरजेला माझा भाचा हे पक्षी पाळतो. दुकानदार सर्रास 'कॉकटेल' म्हणतात, त्यामुळे "मिरजेहून कॉकटेल आणतोय" हे माझं फोनवरचं वाक्य ऐकून आई दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. मूळचा ऑस्ट्रेलियाचा हा पक्षी, पोपटाच्याच कुळातला. करडं अंग, डोक्यावर तुरा, गालावर लाली फासल्यासारखे दोन ठिपके. आईच्या लेखी पोपट म्हणजे हिरवा, लाल चोचीचा, तिच्या माहेरच्या वाड्यात होता तसा. तो पिंजऱ्यात ठेवणं आता गुन्हा आहे, १९७२ सालचा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, असं सांगितलं तर म्हणाली, "मग आमचा मिठू काय चोरीचा होता?" कायद्याच्या आधीचा होता मिठू. पण कुणीतरी ढोलीत हात घालून काढलेला तर होताच. ते मी बोललो नाही.

भाच्याकडे गेलो तेव्हा मला नवल वाटलं ते नराचं. या पक्ष्यांत अंडी दोघंही उबवतात. दिवसा बहुतेक नर बसतो, रात्री मादी. १८ ते २१ दिवस असं आळीपाळीनं बसायचं आणि पिल्लं निघाली की दोघांनीही भरवायचं. भाचा हे सांगत होता आणि बायको माझ्याकडे बघत होती. "बघा," एवढंच म्हणाली. खरंच, मी माझ्या मुलांना भरवल्याचं मला आठवत नाही. बँकेतून यायचो तोवर त्यांची जेवणं होऊन ताटं घासायला पडलेली असायची. आता निवृत्त झालो, वेळच वेळ. तिकडे ती जोडी पुढच्या अंड्यांच्या नादात शेवटच्या पिल्लाची पिसं उपटायला लागली होती आणि भाच्याची नोकरी शिफ्टची. खोकं माझ्या मांडीवर आलं.

आत बघितलं तर तीन आठवड्यांचा एक सुरकुतलेला जीव. पिवळट लव, मधूनमधून साळिंदरासारख्या पिसांच्या नळ्या आणि अंगाच्या मानानं भलतंच पोट. धाकटी म्हणाली, "हा तर तासगावचा बेदाणा." तेच नाव पडलं.

उबेसाठी खोक्यात बल्ब लावायचा तर तोही नवाच घोळ. एलईडीला उजेड आहे, ऊब नाही. जुना तारेचा ६० वॉटचा दिवा दोन-तीन दुकानं हिंडूनही मिळेना. शेवटी कोंबडीची पिल्लं वाढवणाऱ्या एका ओळखीच्याकडून आणला. बायकोनं आपणहून नॉनस्टिकचा तवा माळ्यावर टाकला, कारण तो फार तापला की त्याच्या धुरानं पक्षी मरतो. बिडाचा तवा पुन्हा खाली आला. आईला बेदाण्याचं पहिल्यांदा कौतुक वाटलं ते या कारणानं.

भरवणं मला भाच्यानं एकदाच दाखवलं. सुईशिवायची सिरिंज चोचीच्या डाव्या बाजूनं आत, रोख उजवीकडे, कारण अन्ननलिका मानेच्या उजव्या अंगाला असते. मग ढकलाढकली करायचीच नाही. पिल्लूच सिरिंजचं टोक पकडतं आणि डोकं उखळातल्या मुसळासारखं हाणायला लागतं. ते हाणतंय तोवर श्वासनलिका मिटलेली असते, तेव्हाच पेज सोडायची. ते थांबलं की आपणही थांबायचं. नाहीतर पेज छातीत जाते आणि खेळ संपतो. हे सगळं चालू असताना त्याच्या गळ्यातून जुन्या रेडिओचं स्टेशन हुकल्यासारखी खरखर येत असते. गळ्याखाली कातडी इतकी पातळ की आत उतरणारी पेज दिसते. पिशवी फुगत फुगत बोराएवढी होते. मग मान आपोआप खाली जाते आणि माझ्या तळहातावर भरलेल्या पोटाचं गरम ओझं टेकतं. त्यानंतरची दोन मिनिटं मी हलत नसे. फोन वाजला तरी वाजू दे.

आई समोर बसून बघायची. एकदा म्हणाली, "पोरांना भरवताना आम्ही म्हणायचो, हा घास चिऊचा, हा घास काऊचा. हिथं चिऊच जेवायला बसलीय. हिला कुणाचं नाव सांगायचं?" मी म्हटलं, "माझं सांग." ती म्हणाली, "तुझं नाव ऐकून कुणी जेवलंय का रे आजवर?"

आठव्या दिवशी माझी चूक झाली. रात्रीच्या पाजण्याला क्रिकेटचा सामना रंगात आला होता आणि मी पेज तपासलीच नाही. बेदाण्यानं नाखुशीनं थोडी घेतली. सकाळी बघतो तर गळ्याची पिशवी रात्री होती तशीच, आणि हाताला पिठाच्या गोळ्यासारखी लागते. आंबूस वास. रात्रभरात पिशवी एकदा तरी रिकामी झालीच पाहिजे. गार पेज तिथंच अडकते आणि आंबते. जनावरांच्या डॉक्टरांनी मला फारसं रागावलंही नाही, त्यानंच जास्त लागलं. औषध दिलं, पेज पातळ आणि थोडीथोडी द्यायला सांगितली. दीड दिवस खोक्यापाशी बसून होतो. पिशवी चिमली आणि तो पुन्हा खरखरला, तेव्हा सांगलीच्या आयर्विन पुलापर्यंत चालत जाऊन आलो. कृष्णा नेहमीची, हिवाळ्यातली, संथ. उगीचच बरं वाटलं.

नंतर आली भोगी. आमच्याकडे भोगीला राळ्याचा भात लागतोच. 'न खाई भोगी तो सदा रोगी' असं आई दरवर्षी एकदा म्हणते आणि भात सगळ्यांच्या पानात पडतो. बेदाणा आता साडेपाच आठवड्यांचा, पिसं भरलेला, खोक्याच्या कडेवर बसून सगळ्यांच्या ताटांचा हिशोब ठेवणारा. त्याला दाण्यांची ओळख व्हावी म्हणून मी पक्ष्यांच्या दुकानातून 'मिलेट स्प्रे' म्हणून प्लास्टिकच्या पाकिटातली दोन वाळकी कणसं आणली होती. आईनं चष्मा लावून कणीस फिरवून बघितलं. "अरे, हे राळेच की! दुकानदारानं इंग्रजी नाव देऊन तुला फसवलं." अगदी खरं होतं. मी तोळ्याच्या भावानं आणलं होतं आणि घरात डब्यात किलोभर पडलं होतं.

तिनं मूठभर कच्चे राळे निवडून एका ताटलीत पसरले आणि बोटाच्या नखानं त्यात टकटक करायला लागली. कोंबडी पिल्लांना दाणे दाखवते तसं. मी इतके दिवस पुस्तकी गोष्टी करत होतो: मऊ उकडलेला मका, किसलेलं गाजर, भिजवलेले मूग. त्याने त्यांच्यात फक्त पाय बुडवून बघितले होते. आईच्या टकटकीला मात्र तो उतरला. एक दाणा उचलला, पाडला. पुन्हा उचलला. जिभेनं फिरवला. मग 'कट्' असा बारीकसा आवाज आला आणि साल चोचीच्या कडेवरून खाली पडलं. मोहरीएवढ्या दाण्याचं साल ते, केवढं असणार! आईनं ते बोटाला चिकटवून सगळ्यांना दाखवलं. "उष्टावण झाली," ती म्हणाली. माणसाच्या बाळाची सहाव्या महिन्यात, याची सहाव्या आठवड्यात.

दाणा फुटला म्हणजे पेज बंद, असं मला वाटलं होतं. तसं नसतं. दिवसभर राळे फोडणारा हा गडी संध्याकाळी सिरिंज दिसली की पुन्हा तान्हा व्हायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं की उपाशी ठेवून तोडायचं नाही. त्यानं नको म्हटलं की तेवढी पाळी गाळायची, आणि रात्रीची पाळी सगळ्यात शेवटी. आमच्याकडे पोरांना अंगावरून तोडताना कडुलिंब लावायची रीत होती. इथं कडू करायला काहीच नव्हतं, वाट बघायची होती. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं वजन. ९२ ग्रॅमवरून ते ८४वर आलं तेव्हा माझी झोप उडाली. पण उडायच्या सुमाराला ही पिल्लं आपणच वजन उतरवतात म्हणे. जड अंगानं कुणी उडत नाही. आणि खरंच, त्याच आठवड्यात तो खोक्यावरून सुटला, दिवाणखान्याला एक चक्कर मारली आणि थेट कॅलेंडरवर आपटून खिळ्यासकट खाली आला. पंख्याच्या बटणावर मी आधीच चिकटपट्टी लावली होती, ती अजून आहे. उन्हाळ्यात काय करायचं ते उन्हाळ्यात बघू.

सकाळची पाळी आधी सुटली, मग दुपारची. रात्रीची राहिली. नऊ वाजता मी पाणी तापवायचो, पावडर ढवळायचो, थर्मामीटर लावायचो. तो पडद्याच्या दांडीवरून उतरायचा, दोन मिली घ्यायचा, चोच माझ्या बाहीला पुसायचा आणि परत वर. एक दिवस उतरलाच नाही. मी खालून सिरिंज दाखवत उभा. त्यानं मान हलवली, पिसं झाडली आणि एक पाय पोटात घेऊन डोळे मिटले. वाटीतली पेज ४१ अंशांवर होती, अगदी बरोबर. "टाकू नको," आतून आई म्हणाली, "तुळशीत नको घालू, कढीपत्त्याला घाल."

सिरिंज बायकोनं गरम पाण्यात उकळून घेतली. आता ती तिच्या शिलाई मशीनला तेल घालायला आहे, ड्रॉवरमध्ये बॉबिनांशेजारी. परवा तिनं ती हातात घेतली मात्र, बेदाणा दांडीवरून सुटला तो तिच्या मनगटावर. पिशवी राळ्यांनी टच्च भरलेली, तरी मान हाणतोय, खरखरतोय, पंख थरथरवतोय.

"अहो, हा विसरला नाही हो," ती म्हणाली.

"थांब," मी पेपर खाली ठेवला, "तेलाचा हात लावू नको त्याला. मी पाणी ठेवतो."