"आत्ता विकायला गेलो तर किती मिळतील?"

बाजार सुरू होऊन दहा-बारा मिनिटं झाली असतील. आमचा डीलर, म्हणजे फंडाचे सौदे करणारा माणूस, उठून माझ्या टेबलापाशी आला. एरवी तो जागेवरूनच हाक मारतो. म्हणाला, "आपली बायोटेक ३८ टक्के खाली आहे. बातमी काहीच नाही."

आमचा फंड लहान आहे. ही कंपनी माझ्या आग्रहावरून चार वर्षांपूर्वी घेतलेली. एका दुर्मिळ आनुवंशिक आजारावरचं एकच औषध, त्याची फेज टू, म्हणजे रुग्णांवरची दुसऱ्या टप्प्याची चाचणी चालू, उत्पन्न शून्य. शेअरमध्ये दिवसाला सरासरी जेमतेम ३,००० शेअरचे व्यवहार होतात. कधीकधी दुपारपर्यंत एकही सौदा होत नाही. आमच्याकडे होते ९०,०००.

मी ऑर्डर बुक, म्हणजे कोण किती भावाला किती शेअर घ्यायला-विकायला तयार आहे याची यादी, उघडली. कोणीतरी १२,००० शेअर एकदम मार्केट ऑर्डरने, म्हणजे मिळेल त्या भावाला, विकायला टाकले होते. वरच्या भावाला ५०० चा घेणारा होता, त्याखाली ३००, आणखी खाली २००. ऑर्डर एकेक बोली गिळत खाली गेली आणि कोणीतरी कधीकाळी लावून ठेवलेल्या तळाच्या बोलीवर जाऊन थांबली. पडद्यावर तोच भाव झळकत होता. त्या भावाला आता फक्त ४०० शेअरचा घेणारा उरला होता, आणि सगळ्यात स्वस्त विकणारा त्याच्या जवळजवळ ३० टक्के वर बसला होता. मधल्या जागेत कोणीच नव्हतं.

पहिली शंका हीच आली, की निकाल फुटला. मग जरा थंड डोक्याने विचार केला. चाचणी डबल ब्लाइंड होती. कोणाला औषध मिळतंय आणि कोणाला प्लासिबो, म्हणजे औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं काही, हे ना डॉक्टरांना माहीत असतं, ना रुग्णाला, ना कंपनीतल्या संशोधकांना. सगळ्या रुग्णांची माहिती गोळा होऊन डेटाबेस बंद झाल्याशिवाय ती गुपितं उघडत नाहीत, आणि इथे तर रुग्णांची भरतीच संपलेली नव्हती. मधला डेटा पाहते ती फक्त स्वतंत्र सुरक्षा समिती. तिने धोक्यामुळे चाचणी थांबवली असती तर कंपनीला ते जाहीर करावं लागलं असतं. चाचण्यांच्या सार्वजनिक नोंदवहीत पाहिलं, भरती सुरूच होती. कंपनीच्या शेवटच्या तिमाही ताळेबंदातली रोकड तिमाहीच्या खर्चाने भागून पाहिली. सहा तिमाह्या पुरेल एवढी होती.

हा भागाकार मी त्या सकाळी दोनदा केला. कमावत्या कंपनीचा शेअर पडला तरी तिचा धंदा चालू राहतो. अशा कंपनीचं तसं नसतं. पैसे संपत आले की तिला नवे शेअर विकूनच पैसे उभे करावे लागतात. त्या वेळी भाव पडलेला असला, तर तेवढ्याच पैशासाठी कितीतरी जास्त शेअर काढावे लागतात आणि जुन्या भागधारकाचा वाटा पातळ होतो. सहा तिमाह्यांमुळे मला थोडा धीर आला.

तेवढ्यात आमच्या एका जुन्या गुंतवणूकदार बाईंचा फोन आला. निवृत्त शिक्षिका, हिशेब फार बारकाईने पाहतात. मी त्यांना डबल ब्लाइंडचं सांगितलं, रोकडीचं सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते सगळं ठीक आहे. पण आपण आत्ता विकायला गेलो तर किती मिळतील?"

"मॅडम, ते मला सांगता येणार नाही," मी म्हणालो.

"मग कालच्या भावाला तरी सगळे विकता आले असते का?"

नसते आले. फोन ठेवल्यावर कागद घेऊन मांडलं. भाव बिघडू द्यायचा नसेल तर दिवसाच्या उलाढालीच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त विकू नये, असं आमचा डीलर मानतो. म्हणजे दिवसाला ६००. ९०,००० शेअरना १५० कामाचे दिवस, सात महिने. खरेदीच्या टिपणात पहिल्याच पानावर मी एक आकडा लिहिला होता: २००६ ते २०१५ मधल्या चाचण्यांच्या 'बायो' या अमेरिकी उद्योगसंघटनेच्या अभ्यासात फेज टू ओलांडून पुढे गेलेली औषधं ३०.७ टक्के. औषध फसू शकतं, हे धरूनच मी शिफारस केली होती. फसलं तर त्या दिवशी बाहेर पडायला दारच नसेल, हे मात्र धरलं नव्हतं. चार वर्षं दर महिन्याला आम्ही पडद्यावरच्या भावाने ९०,००० गुणून लोकांना रक्कम कळवत होतो. त्या रकमेवर विसंबणाऱ्यांत या बाईही होत्या. ते मला फार लागलं.

त्या दिवशी आम्ही एकही शेअर विकला नाही. डीलरने खालच्या भावाला थोड्या खरेदीची लिमिट ऑर्डर, म्हणजे ठरवलेल्या भावाचीच ऑर्डर, लावू का, असं विचारलं. मी नको म्हणालो. आधीच जास्त होते.

पुढे भागधारकांची यादी आली तेव्हा कळलं, की एक मोठा भागधारक पूर्ण बाहेर पडला होता. त्याला पैसे हवे होते, एवढंच. दीड महिन्यात भाव बहुतेक भरून आला, तोही किरकोळ सौद्यांवर. मग आम्ही विकायला सुरुवात केली, दिवसाला ६००, लिमिट ऑर्डरनेच. ३०,००० शेअर कमी करायला ५० दिवस लागले. बाईंना मी दर आठवड्याला आकडा कळवत होतो.

उरलेले ६०,००० आहेत. औषधावरचा माझा विश्वास कमी झालेला नाही. भरती आता पूर्ण झाली आहे. शेवटच्या रुग्णाची शेवटची तपासणी व्हायची आहे.