चंबू वाळले, झाड मेलं का?

लातुरात माझं पाण्याच्या फिल्टरचं छोटं दुकान आहे. आरओ बसवणं, मेंब्रेन (त्यातला पाणी गाळणारा पडदा) बदलणं, तक्रारी ऐकणं. दाराशी, पत्र्याच्या शेडखाली एक घटपर्णी, म्हणजे घड्यासारख्या पानांत किडे पकडून खाणारं झाड, टांगलेली आहे. आई तिच्या घड्यांना चंबू म्हणते, म्हणून आम्हीही चंबूच म्हणतो. बिल द्यायला आलेला माणूस आधी चंबूत बोट घालून बघतो, मग पाकीट काढतो. त्यातल्या काहींनी हौसेनं स्वतःसाठी मागवली, आणि आता दर आठ-पंधरा दिवसांनी कुणीतरी मोबाइलमधला फोटो पुढं करतं. "आणलं तवा आठ चंबू होते, पंधरा दिवसांत सगळे वाळले. मेलं का हो हे?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. बहुतेक मेलेलं नाही. पण आज खिडकीत, उद्या गच्चीवर, परवा नवी कुंडी, वरून चमचाभर खत, ही जी धावपळ चाललीय तिनं मात्र नक्की मरेल.

चंबू म्हणजे फूल नव्हे, ते पानाचंच टोक. पानाच्या शेवटी तार निघते, तारेच्या टोकाला गाठ येते, गाठ फुगते आणि पूर्ण वाढली की वरचं झाकण उघडतं. जागा बदलल्यावर झाड सगळ्यात आधी हे चंबूच सोडून देतं. प्रवासात आतला रस सांडलेला असतो, हवा कोरडी लागते, मग झाकणाकडून तपकिरी होत खाली वाळत येतात. वाळलेला चंबू कापा, हिरवं पान ठेवा. ज्या पानाच्या टोकाची गाठ एकदा काळी पडून वाळली, त्याला पुन्हा चंबू येत नाही. त्याची वाट बघू नका. बघायचा तो शेंडा. शेंड्यातून नवं पान सरकताना दिसलं की झाड जिवंत आहे, मग बाकीचं कसंही दिसो.

नर्सरीत ही झाडं फवाऱ्याखाली, दमट हवेत वाढलेली असतात. तिथून खोक्यात चार दिवस काढून ती आपल्या हवेत येतात, जिथं मार्चमध्ये दोरीवरचा टॉवेल अर्ध्या तासात कडक होतो. म्हणून पहिले तीन आठवडे मी झाड साडीच्या पारदर्शक पिशवीत ठेवतो. घरात त्या पिशव्यांना तोटा नसतो. कुंडीसकट आत ठेवायचं, तोंड सैल बांधायचं आणि उजेड भरपूर पण ऊन अजिबात नाही अशा जागी टेकवायचं. पिशवीवर ऊन आलं तर झाड आतल्या आत उकडून निघतं. पाच-सहा दिवसांनी पेटत्या उदबत्तीनं दोन-तीन भोकं पाडायची, मग दर तीन-चार दिवसांनी आणखी. शेवटी पिशवी काढायची ती दिवेलागणीला, दुपारी नव्हे. रात्रभर त्याला नव्या हवेची ओळख होते.

आता पाणी. हे माझ्या धंद्यातलं, तेव्हा जरा लांबेल.

माझं पहिलं झाड मीच मारलं. आरओच्या नळीतून जे वाया जाणारं पाणी पडतं, ते फेकून द्यायला मराठवाड्यातल्या माणसाचा हात धजत नाही. बादलीत धरायचं, फरशी पुसायची, उरलं तर झाडांना. मी ते घटपर्णीलाही घालत राहिलो. दीड महिन्यात पानांच्या कडा करपल्या, शेंडा गप्प झाला. एक दिवस खिशातला टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, सहज त्या बादलीत बुडवला, तर 1640! बोअरचंच पाणी 1100. त्यातलं गोडं पाणी गाळून घेतल्यावर उरलेल्यात क्षार आणखी दाटलेले. लोकांच्या घरी दिवसभर हाच मीटर बुडवत फिरणारा मी. बायको अजून ऐकवते.

या झाडाला 50 च्या आतलं पाणी उत्तम, 100 पर्यंत निभावतं. मे महिन्यात कूलरच्या गवतावर पांढरी खपली धरते, ती बघितलीय ना? पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात. कुंडीतही तेच होतं, फक्त दिसत नाही. भारतात घटपर्णी रानात वाढते ती एकट्या मेघालयात, गारो, खासी आणि जैंतिया टेकड्यांवर. त्याच राज्यातल्या मौसिनरामला वर्षाला सरासरी 11,800 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्याकडे सात-आठशे झाला तरी लोक खूश. असल्या पावसानं जमिनीतलं नत्र धुऊन नेलं, म्हणून तर ती बिचारी किड्यांवर पोट भरायला लागली. तिला आपलं बोअर कसं सोसावं? (तिकडच्या रानातलं झाड उपटून आणणं गुन्हा आहे. घ्यायचं ते नर्सरीत वाढवलेलं, आणि पहिल्यांदा घेणाऱ्यानं व्हेंट्राटासारखं काटक संकरित घ्यावं.)

आणि घरात आरओ आहे म्हणजे प्रश्न मिटला, असंही नाही. पाण्याला चव राहावी म्हणून आम्ही मेकॅनिक लोक टीडीएसचा स्क्रू थोडा सैल ठेवतो, त्यातून कच्चं पाणी मिसळतं. म्हणून तुमच्या आरओच्या नळाचं पाणी 120-150 सहज असतं. मेकॅनिकला सांगा, मेंब्रेनमधून थेट येणारं पाणी बाटलीत काढून देईल. पावसाळ्यात तर हा माल फुकट. पहिले दोन पाऊस पत्रा धुऊन जाऊ द्या, तिसऱ्याला ड्रम लावा.

आईला हे पटत नव्हतं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात तिनं तांब्याभर पाण्यात भांडी विसळलीत. "माणसाला मिळंना आन् झाडाला फिल्टरचं?" मी तिला पेला दाखवला. दिवसाआड एवढंच, कुंडी ओलसर राहील इतपत. खाली ताटलीत पाणी साठवून ठेवलं तर मुळं कुजतात. आता पावसाच्या ड्रमवर फडकं बांधायचं काम तीच करते.

कुंडीत माती नको, आपली काळी तर नकोच, शेणखतही नको. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) निम्मं निम्मं, पण कोकोपीट धुऊन. मी एकदा धुवणाचं पाणी मोजत गेलो: पहिलं 700 च्या वर, पाचव्या खेपेला 60. नर्सरीनं बरं मिश्रण दिलं असेल तर दोन महिने कुंडीला हातच लावू नका. लावलाच, तर मुळं काळी दिसतील. घाबरू नका, ती मुळातच काळी आणि नाजूक असतात. सडली म्हणून कापून टाकणारे दोघं मला माहीत आहेत.

खाऊ घालायचं नाही. मुंग्या आपल्या पायानं येतात. शेजारच्या पोरानं एकदा मटणाचा तुकडा टाकला होता; चंबू कुजला आणि गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून उभं राहिलं. डास कमी होतात का, हेही विचारतात. रानात काही डास चंबूतल्या पाण्यातच अंडी घालतात, यावरून काय ते समजा.

घ्यायचं तर पाऊस सुरू झाल्यावर घ्या. मार्च ते मे दरम्यान मागवलेलं झाड इथं सहसा तग धरत नाही. आधीचंच असेल तर कूलरच्या खोलीत ठेवा, झोतासमोर नव्हे, कडेला.

औशाचे एक मास्तर जुलैत असंच वाळकं झाड घेऊन आले होते. काही करू नका एवढंच सांगून पाठवलं. परवा आले आणि फोटो दाखवला. नव्या पानाच्या तारेला तुरीच्या शेंगेएवढा हिरवा चंबू, झाकण अजून घट्ट मिटलेलं.

"ब्लेडनं जरा उघडून देऊ का?" मास्तर म्हणाले.