येळवशीची भज्जी: 19 डिसेंबरच्या अमावस्येची नोंद

ज्यांच्या घरी येळवस असते त्यांना भज्जी काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. आमच्या लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे वेळा अमावस्येला (हीच आमची येळवस), शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी राहते. आत चुन्यानं रंगवलेले दगड पांडव म्हणून मांडून पूजा होते आणि मग पंगत बसते. बाजरीचे उंडे (पिठाचे गोळे), आंबील, गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या, धपाटे असं सगळं असतं, पण पानाचा जीव भज्जीत. ओल्या शेंगांचे दाणे, पालेभाज्या, चिंच आणि वरून लावलेलं बेसन. लातूर जिल्ह्याला त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते, बाजारपेठ ओस पडते. आदल्या संध्याकाळपर्यंत भाजी भरली नाही तर मग शेजाऱ्याच्या बांधावर नजर ठेवायची.

गेल्या काही हंगामांच्या वहीवरून माझं एक मत आता पक्कं झालंय. भज्जीची ठरलेली अशी यादी नसते, ती अमावस्येच्या तारखेवर ठरते. 2023 च्या अधिक श्रावणामुळे येळवस 11 जानेवारी 2024 ला गेली होती. पुढची 30 डिसेंबर 2024 ला, सोमवारी. यंदाची 19 डिसेंबर 2025 ला. म्हणजे तीन हंगामांत तीन आठवड्यांहून जास्त फरक, आणि शेतात तीन आठवडे म्हणजे वेगळंच पीक.

सगळ्यात आधी तूर. आमच्याकडचे तिचे दोन वाण: बीडीएन-711 साधारण 150-160 दिवसांची, बीएसएमआर-736 त्याहून पंधरा-वीस दिवस उशिरा येणारी. जूनअखेरीची पेरणी धरली तर डिसेंबरच्या मध्यात 711 च्या शेंगा वाळायला लागलेल्या असतात आणि 736 अजून हिरवी सापडते. जानेवारीतल्या अमावस्येला मात्र दोन्ही काढून झालेल्या, फक्त बांधावर उशिरा टोकलेली झाडं हाती लागतात. यंदा सप्टेंबरच्या अतिवृष्टीनं आमच्या भागातली तूर जागोजाग उधळली, पाणी साचलं तिथं मर लागली. त्यामुळं शेंगा तीन वेगवेगळ्या वावरांतून तोडाव्या लागल्या. सोलल्यावर शेंगांच्या वजनाच्या निम्मेसुद्धा दाणे निघत नाहीत, हे धरूनच तोडायचं. एक किलो दाण्यांसाठी मी अडीच किलो शेंगा धरतो.

हरभऱ्याचं याच्या उलट. 11 जानेवारीला घाटे (हरभऱ्याच्या शेंगा) भरलेले होते, सोलाणे, म्हणजे त्यातले ओले दाणे, भरपूर घातले होते. यंदा पेरणीच लांबलेली, घाट्यांचा पत्ता नाही, पण शेंडे खुडायला अगदी कोवळे. मग मी सोलाण्यांच्या जागी पाला घातला, आणि सगळा हिशेब बदलला. हरभऱ्याच्या पाल्यावर आंब, म्हणजे आंबट दव, असते, तिच्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. पाला दोन पाण्यांतून खळखळून धुतला की आंब आणि चव दोन्ही गेली. मी नुसता झटकून, माती पाहून, एकदाच पाण्यातून काढला. त्यामुळं चिंच नेहमीच्या निम्म्यावर आणली, तरी आंबटपणा पुरून उरला. चुका ही आंबट पालेभाजीही मूठभरच.

करडईचीही तीच गोष्ट. लवकरच्या अमावस्येला तिची पानं मऊ असतात, जानेवारीत काटे धरतात. यंदा दोन जुड्या करडई घातली. मेथीपेक्षा मला तीच आवडते, कडू न होता भाजीला अंग देते. घरात यावर मतभेद आहेत.

आता यंदाचं प्रमाण, पंचवीस-तीस पानांसाठी: ओल्या तुरीचे दाणे एक किलो, वाटाणा अर्धा, पावटा अर्धा, भिजवलेले शेंगदाणे पाव किलो. हरभऱ्याचा पाला, करडई, मेथी, चाकवत आणि कांद्याची पात मिळून दीड किलोच्या आसपास. गाजर आणि वांगी नावापुरती. कुणी बोरंही घालतात, मी घालत नाही, बी दाताखाली येतं. बेसन अर्धा किलो.

क्रमाबद्दल मात्र मी हट्टी आहे. आधी दाणे नुसत्या पाण्यात, मीठही नंतर. चिंच, चुका, हरभऱ्याचा पाला, काहीही आंबट दाणे शिजायच्या आत गेलं की दाणा टणक राहतो, कारण आम्लात त्याच्या पेशींची भिंत सुटत नाही. आत्याला आम्ल-बिम्ल ठाऊक नाही, पण नियम तिचाच: "दाणा बोटात दबल्याबिगर चिंच दावू नगंस. मग दिवसभर चुलीम्होरं बसलास तरी टणकच ऱ्हातंय." बोटात दाबायचा तो पावट्याचा दाणा, कारण आमच्याकडचा पावटा सगळ्यात उशिरा शिजतो. तो दबला म्हणजे बाकीचे झालेच.

फोडणी वेगळ्या पातेल्यात. तेल सढळ, जिरं, भरपूर ठेचलेला लसूण, हिरव्या मिरचीचा ठेचा, हळद. लाल तिखट आम्ही घालत नाही, भज्जीचा रंग पिवळा-हिरवाच राहिला पाहिजे. लसूण कडेनं तांबूस झाला की पालेभाज्या, त्या बसल्या की शिजलेले दाणे पाण्यासकट, मग चिंचेचा कोळ.

बेसन गार पाण्यात, ताकाइतकं पातळ कालवायचं. गरम पाण्यात कालवलं की गुठळी झालीच म्हणा. एका हातानं धार, दुसऱ्या हातानं रवी. सुरुवातीला काहीच होत नाही, भाजी पांढुरकी दिसते आणि वाटतं बेसन कमी पडलं. इथं थांबायचं. पाच-सात मिनिटांत ती फदफदायला लागते, मोठे जाड बुडबुडे फुटतात, शिंतोडे थेट मनगटावर, म्हणून बाहीचा सदरा घालायचा आणि लांब दांड्याची पळी धरायची. हळूहळू पिवळा रंग खोल होत जातो. कच्च्या बेसनाचा वास गेला आणि कडेनं तेलाची बारीक रेघ सुटली की झालं. मंद आचेवर यात वीसेक मिनिटं जातात आणि त्यात घाई चालत नाही.

पातेलं स्टीलचं किंवा कल्हई केलेलं पितळी. लोखंडी कढईत चिंच पडली की भज्जी काळवंडते. बिनकल्हईच्या पितळेत तर आंबट नकोच.

यंदाचा नवा प्रयोग वाहतुकीचा. घरून शेतात नेईपर्यंत भज्जी आळते, बेसनाचा स्वभावच तो. उंड्याबरोबर ती वाहती हवी, कारण उंडा कोरडा असतो, कुस्करून त्यावर ओतायची असते. म्हणून घरी वाढणीच्या मापापेक्षा पातळ ठेवली, आणि कोपीमागच्या चुलीवर आधणाचं पाणी वेगळं तयार ठेवलं. पंगतीआधी एक-दोन तांबे आधण घालून एक उकळी दिली. गार पाणी घातलं असतं तर बेसन खाली आणि पाणी वर राहिलं असतं. हे जमलं. शेवटच्या पंगतीला, दुपार कलल्यावरही, पहिल्या वाढणीसारखीच भज्जी होती.

सोबतीचं पटकन सांगतो. वांग्याचं भरीत जागेवरच आरात भाजून केलं, कांद्याची पात आणि शेंगदाण्याचा कूट घालून. त्यात सुधारण्यासारखं काही नाही. कारळाची चटणी उंड्याला उत्तम लागली. गाजराची कोशिंबीर तशीच परत आली. आंबील समोर असताना कोशिंबिरीला कोण विचारतंय, पुढच्या वेळी ती यादीतून बाद.

2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळं पुढची येळवस पुन्हा जानेवारीत, 2027 मध्ये जाते. म्हणजे करडई काटेरी, तूर काढलेली, सोलाणे मुबलक, ज्वारी हुरड्याकडे झुकलेली. बेत असा: विहिरीकडेच्या दोन ओळींत बीएसएमआर-736 जुलैच्या मध्यात टोकायची, म्हणजे शेंगा जानेवारीपर्यंत थोड्याफार हिरव्या सापडतील. वाटाणा ऑक्टोबरअखेर. पाला नसल्यामुळं चिंच पुन्हा पूर्ण मापाची, आणि सोलाणे सगळ्यात शेवटी, कारण ते लगेच शिजतात आणि जास्त शिजले की पीठ होतात. निलंगा-औसा भागात कुणाकडे उशिरा येणाऱ्या पावट्याचं गावरान बी असेल तर सांगा. बदल्यात करडईचं बी देईन.