मोंजुईक सर्किट: उंचवटा अखेर जमला

असेटो कोर्सा या कार रेसिंग गेमसाठी बार्सिलोनाचं मोंजुईक, फॉर्म्युला वनचं जुनं सर्किट, उभं करतोय. त्यातला सगळ्यात चिवट भाग, स्टेडियमसमोरच्या सरळ पट्ट्यानंतरचा उंचवटा, एकदाचा हातावेगळा झाला. ३.७९ किलोमीटरची, घड्याळाच्या उलट दिशेने जाणारी बाकीची फेरी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये आधीच अंथरून झाली होती. तिच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही.

उंचीच्या तयार डेटात हा उंचवटा जवळजवळ दिसतच नाही. बिंदू लांब लांब, त्यात आजूबाजूला झाडं. मधलं सगळं गुळगुळीत होऊन जातं. मग मोंजुईक करायचंच कशाला? १९६९ च्या शर्यतीत ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट, दोघांच्याही लोटस गाड्यांचे उंच मागचे पंख (गाडी रस्त्याला दाबून धरणारे) याच उंचवट्यावर मोडले, आणि रिंटची गाडी हिलच्या मोडक्या गाडीवर जाऊन आदळली. त्यानंतरच्या मोनॅकोच्या शर्यतीवेळीच असे पंख बंद झाले.

म्हणून इथला छेद हाताने काढला. जुन्या फोटोंत उंचवट्यापलीकडच्या गाडीचा किती भाग रस्त्याआड जातो ते बघायचं आणि त्यावरून माथ्याची उंची धरायची. कॅमेरा कुठे होता हे ठरवायला स्टेडियमचा १९२९ चा दर्शनी भाग कामी आला. ऑलिंपिकसाठी आतलं सगळं बदललं, तो मात्र राखला गेला. आता माथ्यावर गाडी हलकी पडते आणि पुढच्या हेअरपिन वळणाचं ब्रेकिंग तिथूनच अवघड होऊ लागतं. हेच हवं होतं.

मॉडेल १९७५ चं करतोय. गार्डरेल, म्हणजे कडेचे लोखंडी कठडे, हवेत म्हणून, नाहीतर त्या वर्षाबद्दल प्रेम वाटावं असं काही नाही. त्या वर्षी रेलचे बोल्ट नीट आवळलेले नव्हते, संघांच्या मेकॅनिकनी स्वतः पाने घेऊन ते आवळले, तरीही चालक फिटिपाल्डी शर्यतीतून बाहेर पडला. पुढे आघाडीवरच्या स्टोमेलेनच्या गाडीचा मागचा पंख तुटला, गाडी रेलपलीकडे गेली आणि तिथल्या माणसांचे जीव गेले. २९ फेऱ्यांवर शर्यत थांबली, गुण निम्मेच मिळाले. सहाव्या आलेल्या लेला लोम्बार्डीला मिळालेला अर्धा गुण त्यातलाच. इथे फॉर्म्युला वन पुन्हा आलं नाही.

रेलचे खांब निम्म्या फेरीपर्यंत लागलेत. झाडं सगळ्यात शेवटी. आत्ताच लावली तर फ्रेमरेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) कोसळेल.