तुम्ही विचारलंत म्हणून: दीड लाख, पण कशामागे?

‘जाहिरातीत दीड लाख लिहिलंय आणि नणंदेचे तीन लाख गेले. खरं काय? आणि सेंटर कुठलं बघू?’ आयव्हीएफबद्दल (टेस्ट ट्यूब बेबीबद्दल) विचारणारे बहुतेकजण या दोन प्रश्नांपासूनच सुरुवात करतात. दोन्हींचं उत्तर देण्याआधी एक उलटा प्रश्न विचारावा लागतो: कशामागे? भाजी घेताना आपण किलोमागे की पावशेरामागे हे न विचारता पिशवी पुढे करत नाही. इथे मात्र लाखाचा आकडा ऐकून मान डोलावतो.

आधी पैशांचं. पॅकेजच्या आकड्यात सहसा सोनोग्राफी, एग पिकअप (बीजं सुईने बाहेर काढणं), भूल, लॅबचं काम आणि त्याच महिन्यातलं ट्रान्स्फर (लॅबमध्ये तयार झालेला गर्भ, म्हणजे एम्ब्रियो, गर्भाशयात सोडणं) एवढं असतं. बीजं वाढवायची इंजेक्शनं बहुतेक ठिकाणी वेगळी. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून रोज 150 ते 300 युनिट, नऊ ते बारा दिवस. रोजचे 225 युनिट आणि दहा दिवस धरले तर 2,250 युनिट होतात, म्हणजे 75 युनिटच्या तीस कुप्या. कुपीला हजार धरले तरी तीस हजार इथेच गेले. पाचव्या-सहाव्या दिवसापासून बीज वेळेआधी सुटू नये म्हणून दुसरं इंजेक्शन लागतं, शेवटी ट्रिगर, म्हणजे बीजं पिकवणारं इंजेक्शन, लागतं. त्यांचे आणखी पंधरा हजार धरू.

आता उदाहरणादाखल बेरीज मांडू. पॅकेज 1,40,000. इंजेक्शनं 45,000. इक्सी, म्हणजे एका बीजात एकच शुक्राणू सुईने सोडणं, 25,000. एम्ब्रियो गोठवायचे 20,000. दोन महिन्यांनी ते वितळवून आत सोडायचे, औषधांसकट 55,000. झाले 2,85,000. यात कोणी फसवलं असं नाही. नणंदेने पूर्ण वाट चालून पैसे भरले आणि जाहिरातीने फक्त पहिला टप्पा सांगितला. म्हणून कोटेशन मागताना ‘एग पिकअपपासून फ्रोझन ट्रान्स्फरपर्यंत, औषधं धरून, लेखी द्या’ असं म्हणा. गोठवण्याच्या रकमेत किती महिन्यांचं भाडं धरलंय आणि पुढे वर्षाला किती, हेही लिहून घ्या. उपचाराच्या रकमेवर कोणी जीएसटी लावत असेल तर थांबा: आयव्हीएफ ही आरोग्यसेवा असून तिला जीएसटी माफ असल्याचा खुलासा सरकारने ऑगस्ट 2022 मध्येच केला आहे. इंजेक्शनं बाहेरच्या केमिस्टकडून आणली तर चालतील का, हेही विचारा. एमआरपीवर बाहेर सूट मिळू शकते. फक्त बरीचशी इंजेक्शनं दोन ते आठ अंशांत ठेवावी लागतात, तेव्हा बर्फाच्या पाकिटाशिवाय घेऊ नका.

विम्याच्या भरवशावर राहू नका. बऱ्याच पॉलिसींच्या वगळलेल्या बाबींत सतराव्या कोडखाली वंध्यत्व छापलेलं असतं. नोकरीच्या ठिकाणच्या ग्रुप पॉलिसीत कधीकधी मिळतं, म्हणून एचआरला विचारायला हरकत नाही.

सगळ्यात कमी विचारला जाणारा प्रश्न म्हणजे मध्येच थांबलं तर काय. फॉलिकल, म्हणजे बीजांच्या पिशव्या, वाढलेच नाहीत आणि पिकअपच रद्द झालं तर किती परत? बीजं निघाली पण फलन झालं नाही तर? एम्ब्रियो पाचव्या दिवसापर्यंत टिकलाच नाही तर? प्रत्येक टप्प्याचं उत्तर वेगळं असतं. ते पैसे भरण्याआधी मिळतं, नंतर फक्त चहा मिळतो. ‘तीन सायकल (म्हणजे उपचाराच्या तीन फेऱ्या), नाही झालं तर पैसे परत’ या योजनांतही बारीक अक्षरं वाचा. यश म्हणजे रक्ताची बीटा टेस्ट (गर्भधारणेची तपासणी) पॉझिटिव्ह, सोनोग्राफीतले ठोके, की हातात आलेलं मूल? पहिल्या व्याख्येत बसलात आणि आठव्या आठवड्यात गर्भ गेला, तर योजना पूर्ण झालेली असते.

यशाच्या टक्क्यांनाही हाच प्रश्न. ‘70 टक्के यश’ हे सुरू केलेल्या सायकलींमागे, पिकअपमागे की ट्रान्स्फरमागे? आणि कुठल्या वयाच्या बायकांत? आकडे कसे गळतात बघा: सोनोग्राफीत बारा फॉलिकल, हातात दहा बीजं, त्यातली आठ पक्व, सहांचं फलन, पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट, म्हणजे सोडण्याजोगे वाढलेले गर्भ, तीन. हे चांगलं चाललेल्या सायकलचं चित्र. ज्यांच्याकडे ट्रान्स्फर करायला काही उरलंच नाही, त्यांना भाजकातून काढलं की टक्केवारी आपोआप फुगते. दात्याच्या बीजाच्या सायकली त्यात मिसळल्या की आणखी. ब्रिटनमध्ये सरकारी नियामक संस्था क्लिनिकवार आकडे जाहीर करते. आपल्याकडे तुम्हालाच विचारावं लागतं: ‘माझ्या वयाच्या, स्वतःचं बीज वापरणाऱ्या किती जणींनी गेल्या वर्षी सायकल सुरू केली आणि किती जणींना मूल झालं?’ उत्तरात आकडा आला तर उत्तम. ‘अहो, पॉझिटिव्ह राहा’ असं आलं तर दुसरं क्लिनिक बघा.

सेंटर निवडताना मी डॉक्टरांच्या नावाआधी लॅबकडे बघायला सांगेन. कायद्याचं एवढं पुरे: 25 जानेवारी 2022 पासून एआरटी (सहाय्यित प्रजनन) कायदा लागू आहे. लेव्हल 1 क्लिनिक फक्त आययूआय (शुक्राणू बारीक नळीने गर्भाशयात सोडणं) करू शकतं, आयव्हीएफला लेव्हल 2 नोंदणी लागते. प्रमाणपत्र भिंतीवर असतं, त्यावरची तारीख वाचा. वयाची मर्यादाही कायद्यात आहे, बाईला 50 आणि पुरुषाला 55.

मग लॅब. एम्ब्रियॉलॉजिस्ट, म्हणजे लॅबमध्ये बीजं आणि गर्भ हाताळणारा तज्ज्ञ, तिथलाच आहे की बाहेरून येतो? लहान शहरांत बऱ्याचदा बॅच लावतात: सात-आठ जणींच्या पाळ्या गोळ्यांनी जुळवून घ्यायच्या आणि एम्ब्रियॉलॉजिस्ट चार दिवस येऊन सगळ्यांचं उरकतो. ते वाईटच असतं असं नाही, पण तुमचे फॉलिकल बॅचच्या तारखेला तयार होतील याची खात्री काय? ट्रिगरनंतर 34 ते 36 तासांत पिकअप व्हावं लागतं. उशीर झाला तर बीजं आपोआप सुटून जातात. ट्रिगरची वेळ म्हणूनच रात्री साडेदहा वगैरे मिनिटाला बांधून देतात. बीज आणि शुक्राणू एकत्र केल्यावर 16 ते 18 तासांनी फलन तपासायचं असतं, मग तो रविवार असो की पाडवा. ‘लॅब सातही दिवस चालते का’ हा प्रश्न त्यासाठी. नमुन्यावरची नावं दोन माणसं तपासतात का, वीज गेली तर इन्क्युबेटरला बॅकअप काय, हेही विचारा. चांगली लॅब अशा प्रश्नांनी चिडत नाही.

सोलापूर-नांदेडहून पुण्याला येणाऱ्यांसाठी: इंजेक्शनांच्या दिवसांत चार-पाच सोनोग्राफी होतात. त्या गावातल्या डॉक्टरांकडे करून रिपोर्ट पाठवायला क्लिनिक तयार असेल, तर पुण्याच्या फेऱ्या पिकअप आणि ट्रान्स्फर एवढ्यावर येतात. लॉजचं भाडं कोणाच्याच कोटेशनमध्ये नसतं. गोव्यातल्यांनी आधी बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) चौकशी करावी. तिथे 2023 पासून आयव्हीएफ मोफत आहे.

आणि मुळात आयव्हीएफच हवं का? नवऱ्याची वीर्यतपासणी झाल्याशिवाय बायकोला सुई लावू देऊ नका. दोन ते सात दिवस वीर्यस्खलन न होऊ देता मग नमुना, गडबड दिसली तर पुन्हा एकदा. मिलीलिटरमागे 1 कोटी 60 लाख शुक्राणू ही डब्ल्यूएचओच्या 2021 च्या पुस्तिकेतली खालची रेषा. त्याखाली म्हणजे मूल होणारच नाही असं नव्हे. बाईची एका बाजूची तरी बीजनळी मोकळी असेल आणि लॅबमध्ये वीर्य धुतल्यानंतर 50 लाखांच्या वर हलते शुक्राणू उरत असतील, तर तरुण जोडप्याने तीन-चार आययूआय करून बघण्यात अर्थ आहे. उलट बाईचं वय 38 असेल, तर त्यात वर्ष घालवणं महागात पडतं. नळीत पाणी साचलेलं असेल, तर आधी ती काढणं किंवा बंद करणं गरजेचं, नाहीतर तेच पाणी गर्भाशयात उतरून एम्ब्रियो रुजू देत नाही. एएमएचचा (बीजांचा साठा दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट वाचताना एकक बघा: मिलीलिटरमागे 1 नॅनोग्रॅम म्हणजे लिटरमागे 7.14 पिकोमोल. दुसऱ्या एककातला आकडा वाचून उगाच खूश झालेले पुष्कळ. शिवाय एएमएच बीजांची संख्या सांगतं, दर्जा वयावरून ठरतो.

पीसीओएस (अंडाशयात पुष्कळ छोटे फॉलिकल साठण्याचा हार्मोनचा विकार) असेल तर बीजं खूप निघतात आणि पोटात पाणी भरण्याचा धोका असतो. डॉक्टर ‘सगळे गोठवू, ट्रान्स्फर पुढच्या महिन्यात’ म्हणाले, तर तो खर्च सुरक्षिततेसाठी आहे, कुरकुर नको. कुरकुर करायची ती पीआरपी (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन), इंट्रालिपिड (स्निग्ध पदार्थाचं सलाईन), गर्भाशयाच्या अस्तराची ‘योग्य खिडकी’ शोधणारी टेस्ट यांवर. या गोष्टी सरसकट करू नयेत असं युरोपातल्या तज्ज्ञांच्या संस्थेने 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. शुक्राणू उत्तम असताना घाऊक इक्सी करण्यानेही बाळांचं प्रमाण वाढत नाही.

ट्रान्स्फरनंतर घरी पट्टी टाकून बघू नका. ट्रिगरमधलं एचसीजी (गर्भारपणाचं हार्मोन) आठ-दहा दिवस लघवीत राहू शकतं आणि खोटी दुसरी रेघ दाखवतं. दिलेल्या तारखेलाच रक्त द्या. आणि क्लिनिक बदलायचं मनात असो-नसो, लॅबचा कागद पिकअपच्याच आठवड्यात मागून घ्या: रोजचा डोस, किती बीजं, किती पक्व, किती फलित, पाचव्या दिवशीच्या ग्रेड, किती गोठवले. पुढचा डॉक्टर डोस ठरवताना पहिला तोच कागद मागतो. बिलांच्या पावत्या सगळ्यांकडे असतात, हा कागद सापडत नाही.